ल्यूथरन मंडळीची उपासना: देतो कोण, घेतो कोण?

दरवर्षी ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या काही राज्यांमध्ये सरकारी सुट्टी असते. पूर्वेकडच्या सॅक्सनी, थुरिंगिया यांसारख्या राज्यांत ती आधीपासून होती. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, लोअर सॅक्सनी आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या उत्तरेकडच्या राज्यांनी ती २०१८ पासून कायमची केली. पुण्या-नाशिकहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींना ही सुट्टी कशाची, असा प्रश्न पडतो. त्याच्याही आधी, पत्त्याची नोंदणी करताना अर्जात धर्माचा रकाना पाहून ती चक्रावलेली असतात. सुट्टीचे उत्तर शाळेच्या इतिहासात सापडते. १५१७ साली त्या दिवशी मार्टिन ल्यूथर या विटेनबर्गच्या प्राध्यापकाने पापमुक्तिपत्रांच्या, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचे सांगणाऱ्या चर्चच्या कागदांच्या, विक्रीवर आक्षेप घेणारे ९५ मुद्दे मांडले आणि युरोपातील धर्मसुधारणेला तोंड फुटले. पाठ्यपुस्तक मात्र तिथेच थांबते. ल्यूथरच्या मागून उभ्या राहिलेल्या मंडळींमध्ये आज रविवारी नेमके काय चालते, मुलांना काय शिकवतात आणि हे सारे कॅथलिक चर्चपेक्षा वेगळे कशात, हे सांगायचे राहूनच जाते. महाराष्ट्रात हा पंथ जवळून पाहण्याची संधीही कमी, कारण मराठी मुलखातील प्रॉटेस्टंट परंपरा मुख्यतः अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन आणि इंग्लंडचे चर्च यांच्या वाटेने आली.

मोजके शब्द

पुढे जाण्याआधी चार-पाच शब्द पक्के करून घेऊ. ‘मंडळी’ म्हणजे एका ठिकाणी नियमित उपासनेला जमणारा ख्रिस्ती समुदाय. चर्चची इमारत नव्हे, माणसे. त्या मंडळीची उपासना चालवणारा आणि तिला शिकवणारा तो ‘पाळक’. देवाचे वचन आणि एखादा दिसणारा पदार्थ, म्हणजे पाणी, भाकर किंवा द्राक्षारस, यांच्या योगाने होणाऱ्या विधीला ‘संस्कार’ म्हणतात. ल्यूथरन मंडळी बाप्तिस्मा (पाण्याने मंडळीत घेण्याचा विधी) आणि प्रभुभोजन (ख्रिस्ताचे शब्द उच्चारून भाकर व द्राक्षारस देण्याचा विधी) असे दोनच संस्कार सामान्यतः मोजते. ‘कृपा’ म्हणजे लायकी नसताना देवाने केलेला स्वीकार. आणि हा स्वीकार माणूस पुण्यकर्मांच्या जोरावर मिळवू शकत नाही, तो केवळ विश्वासाने घ्यायचा असतो, या शिकवणुकीला ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ म्हणतात. ल्यूथरन धर्मविचाराचा कणा हाच.

मूळ मुद्दा: उपासनेची दिशा

आपल्याकडे उपासना म्हटले की देवाला काहीतरी अर्पण करणे डोळ्यांसमोर येते: फूल, नैवेद्य, अभिषेक, दक्षिणा, निदान नमस्कार तरी. ल्यूथरच्या काळातील युरोपातही भाविकाची समजूत फार वेगळी नव्हती. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतील मुख्य विधी, हा धर्मगुरूने देवाला केलेला यज्ञ आहे आणि तो करवून घेतल्याने जिवंतांना व मृतांना पुण्य लाभते, असे शिकवले जाई. त्यामुळे पैसे देऊन मिस्सा सांगण्याची प्रथा फोफावली होती. एकेका मोठ्या चर्चमध्ये बाजूच्या वेद्यांवर धर्मगुरू एकटेच पुटपुटत मिस्सा उरकत आणि समोर ऐकायला कोणी नसले तरी चाले.

ल्यूथरने १५२० साली लिहिलेल्या ग्रंथांत या कल्पनेवरच घाव घातला, आणि त्यासाठी त्याने निवडलेले उदाहरण मराठी वाचकाला चटकन पटण्यासारखे आहे. तो म्हणतो, ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी जे शब्द उच्चारले ते मृत्युपत्र होते. मृत्युपत्रात ज्याचे नाव असते त्याने त्यातली मिळकत कमावलेली नसते. वडिलांनी लिहून ठेवले, वडील गेले, आता वारसाने कागद घेऊन तलाठ्याकडे जायचे आणि सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यायचे, एवढेच त्याच्या हाती असते. असा वारस जर ‘वडिलांवर उपकार करायला निघालो आहे’ असे सांगत सुटला, तर गाव त्याला हसेल. त्याच न्यायाने पापक्षमा ही ख्रिस्ताने लिहून ठेवलेली मिळकत, भाकर आणि द्राक्षारस ही त्या कागदावरची मोहोर, आणि उपासनेला आलेला माणूस हा वारस. त्याने यायचे ते घ्यायला.

ही दिशा एकदा ध्यानात आली की ल्यूथरन उपासनेतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा उलगडा होतो. ५ ऑक्टोबर १५४४ रोजी टोरगाऊच्या किल्ल्यातील नव्या प्रार्थनामंदिराचे समर्पण करताना ल्यूथरने उपासनेची व्याख्याच करून टाकली: या घरात प्रभूने आपल्या वचनातून आमच्याशी बोलावे आणि आम्ही प्रार्थनेने व स्तुतिगीताने त्याला उत्तर द्यावे, याखेरीज दुसरे काही घडू नये. आधी देवाचे बोलणे, मग माणसाचे. माणसाकडूनही काही दिले जाते, पण ते उत्तरादाखल.

एका चित्रात मांडलेली मंडळी

विटेनबर्गच्या नगर-चर्चमध्ये, जिथे ल्यूथर वर्षानुवर्षे उपदेश करत असे, वेदीवर १५४७ साली बसवलेले एक चित्र आहे. ल्यूथर आदल्याच वर्षी वारला होता. चित्र क्रानाख या चित्रकार बापलेकांच्या कार्यशाळेतले. मंडळी म्हणजे काय, हे एखाद्या नकाशाप्रमाणे दाखवणारे दुसरे चित्र मला माहीत नाही.

मधल्या फलकावर ख्रिस्त शिष्यांसह गोल मेजाभोवती बसला आहे. शिष्यांपैकी एकाचा चेहरा ल्यूथरचा आहे, आणि तोही दाढी वाढवून लपून राहिलेल्या काळातला. तो पेल्याची देवघेव करत आहे. पेला सामान्य माणसाच्या हाती दिसणे याला तेव्हा अर्थ होता, कारण त्याआधीच्या काही शतकांत सर्वसामान्य भाविकाला फक्त भाकर मिळे, द्राक्षारस धर्मगुरूपुरता राही. डाव्या फलकावर ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांक्थन एका तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देताना दाखवला आहे. गंमत अशी की मेलांक्थन हा विद्वान असला तरी त्याला पाळकपदाची दीक्षा कधी मिळालेली नव्हती. उजव्या फलकावर नगर-चर्चचा पाळक योहानेस बुगेनहागेन हातात दोन किल्ल्या घेऊन बसला आहे: एकीने तो गुडघे टेकलेल्या माणसाला पापक्षमा जाहीर करतो, दुसरी उगारून, पश्चात्ताप न झालेल्या एका ऐटबाज माणसाला परत धाडतो, आणि त्या माणसाचे हात बांधलेलेच राहतात.

खालच्या पट्टीत उजवीकडे ल्यूथर व्यासपीठावर उभा आहे. एक हात उघड्या बायबलवर, दुसऱ्याचे बोट मध्यभागी असलेल्या वधस्तंभावरच्या ख्रिस्ताकडे. डावीकडे मंडळी: बायका, मुले, म्हातारे. त्यात ल्यूथरची पत्नी काथारिना फॉन बोरा आहे, असे मानले जाते. मंडळीची नजर ल्यूथरकडे नाही, त्याच्या बोटाच्या रोखाने आहे. उपदेशकाचे काम एवढेच, असे चित्रकाराला सांगायचे होते.

बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापांगीकार (पापांची कबुली) आणि उपदेश: या चारांवर मंडळी उभी राहते. बिशप, इमारत, मिरवणूक यांपैकी काहीही या चित्रात नाही.

रविवारचा क्रम

आज हॅम्बुर्ग, स्टॉकहोम किंवा रांची कुठेही गेलात, तरी ल्यूथरन उपासनेचा सांगाडा ओळखू येतो. सुरुवातीला मंडळी एकत्र पाप कबूल करते आणि पाळक देवाच्या नावाने क्षमा जाहीर करतो. ‘प्रभो, दया कर’ ही विनवणी आणि त्यामागून स्तुती होते. मग बायबलमधील वाचने होतात: बहुधा एक जुन्या करारातून, एक नव्या करारातील पत्रांतून आणि शेवटी शुभवर्तमानातून, म्हणजे ख्रिस्ताचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकातून. कोणत्या रविवारी काय वाचायचे हे वर्षभरासाठी ठरलेले असते, म्हणून पाळकाला आपल्या आवडीच्या चार उताऱ्यांभोवती घोटाळत राहता येत नाही. त्यानंतर मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचा संक्षिप्त जाहीरनामा, सर्वांनी मिळून म्हणायचा. मग उपदेश, ज्या उताऱ्यांचे वाचन झाले त्यांतलाच एखादा उलगडून सांगायचा. प्रार्थना आणि दानार्पण झाले की प्रभुभोजन, आणि शेवटी आशीर्वाद. हा आशीर्वाद बायबलमधील गणना या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातला, अहरोनाने इस्राएल लोकांना द्यायचा असे सांगितलेला. उपासनेच्या शेवटी तोच म्हणावा ही सोय ल्यूथरची.

प्रभुभोजनाच्या भागात ल्यूथरने केलेला बदल दिसायला लहान, पण अर्थाने सर्वांत मोठा आहे. जुन्या मिस्सेत ‘हे माझे शरीर आहे, हे माझे रक्त आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लॅटिनमध्ये, हलक्या आवाजात म्हणे. लोकांना ते ऐकू जात नसत. त्या शब्दांभोवती अर्पणाच्या लांबलचक प्रार्थना होत्या. ल्यूथरने १५२३ मध्ये लॅटिन उपासनेतून अर्पणाच्या त्या प्रार्थना काढून टाकल्या. १५२६ च्या जर्मन उपासनाक्रमात तर त्याने ख्रिस्ताचे शब्द शुभवर्तमान ज्या चालीवर गातात त्याच चालीवर, मोठ्याने, लोकभाषेत गायला लावले. मृत्युपत्र वारसांना ऐकू येईल असे वाचलेच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

मग ही कॅथलिक मिस्साच नव्हे का?

एखाद्या स्वीडिश चर्चमध्ये मेणबत्त्या, नक्षीदार झगे आणि वेदीवरचा ख्रिस्ताचा क्रूस पाहून मराठी प्रॉटेस्टंट माणूसही गोंधळतो, कारण त्याच्या गावच्या चर्चमध्ये बहुधा साधा लाकडी क्रूस आणि एक मेज एवढेच असते. आक्षेप रास्त आहे आणि त्याला ल्यूथरन लोक संकोचतही नाहीत. १५३० साली ऑग्सबुर्ग येथे सम्राटापुढे वाचलेल्या त्यांच्या मतपत्रात, म्हणजे आपला विश्वास मांडणाऱ्या निवेदनात, स्पष्ट म्हटले आहे की आम्ही मिस्सा रद्द केलेली नाही. जे शुभवर्तमानाच्या विरुद्ध जाते ते काढायचे, बाकीचे ठेवायला हरकत नाही, अशी ही रीत आहे. झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन या दुसऱ्या धर्मसुधारकांच्या स्विस परंपरेत, ढोबळपणे सांगायचे तर, बायबल जे सांगते तेवढेच ठेवायचे, असा दंडक होता. मराठी मुलखात आलेल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांचे घराणे स्विस परंपरेचे, म्हणून आपल्याकडची चर्चे आतून उघडीबोडकी दिसतात.

याच मतपत्राच्या ७व्या कलमात मंडळीच्या ऐक्याची अट दोनच गोष्टींत संपते: शुभवर्तमानाची शुद्ध शिकवण आणि संस्कारांचे योग्य पालन. माणसांनी घातलेले विधी सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. त्यामुळे जर्मन पाळक काळा झगा आणि गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या घालतो, स्वीडिश पाळक भरजरी वस्त्र घालतो, आणि दोघांनाही आपण एकाच घरचे आहोत याबद्दल शंका नसते.

बदल किती वेगाने करावा, यावरही ल्यूथरचे मत ठाम होते. १५२२ च्या सुरुवातीला तो वार्टबुर्ग किल्ल्यात लपलेला असताना विटेनबर्गमध्ये त्याच्याच सहकाऱ्यांनी मूर्ती हटवण्याचा आणि नवा विधी लोकांवर लादण्याचा सपाटा लावला. ल्यूथर परतला, ९ मार्चपासून सलग ८ दिवस त्याने नगर-चर्चमध्ये उपदेश केले, आणि बळजबरीने केलेली सुधारणा ही सुधारणाच नव्हे असे बजावले. मी फक्त शिकवले, उपदेश केला, लिहिले. मी झोपलो होतो किंवा मित्रांसोबत विटेनबर्गची बिअर पीत होतो तेव्हा वचनानेच सारे काम केले, असे तो त्या उपदेशांत म्हणाला. व्यासपीठावरून बिअरचा असा उल्लेख करणारे उपदेशक आजही विरळाच.

भाकर ही भाकरच की शरीर?

हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो, पण त्याने युरोपातील प्रॉटेस्टंटांचे कायमचे दोन तट पाडले. कॅथलिक शिकवणुकीनुसार विधीत भाकरीचे मूळ तत्त्वच बदलून ख्रिस्ताचे शरीर होते, भाकर उरते ती दिसण्यापुरती. झ्विंग्लीचे म्हणणे, भाकर हे स्मरणचिन्ह आहे. ल्यूथरने दोन्ही नाकारले: भाकर भाकरच राहते, आणि तिच्यात, तिच्यासह व तिच्याखाली ख्रिस्ताचे शरीर खरोखर दिले जाते. कसे, ते विचारू नका. ख्रिस्ताने सांगितले म्हणून. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्ग येथे दोघांची समोरासमोर चर्चा झाली तेव्हा ल्यूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि तो तिथून तसूभर हलला नाही. १५ मुद्द्यांपैकी १४ वर एकमत झाले. शेवटचा, प्रभुभोजनाचा, अडला. युरोपातील ल्यूथरन आणि कॅल्व्हिनपंथी मंडळ्यांनी एकमेकींना प्रभुभोजनाची दारे उघडणारा करार केला तो १९७३ मध्ये.

ल्यूथरचा हट्ट आडमुठेपणाचा वाटू शकतो. पण उपासनेच्या दिशेचा मुद्दा आठवला तर तो समजतो: भाकर हे केवळ स्मरणचिन्ह असेल, तर स्मरण करणारा मी, म्हणजे कर्ता पुन्हा माणूसच झाला.

तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा कशासाठी?

विश्वासाने माणूस तरतो म्हणता, मग ज्याला बोलताही येत नाही त्याला बाप्तिस्मा का, असे बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळी विचारतात. ल्यूथरन उत्तर मागच्याच धाग्यातले आहे. बाप्तिस्मा ही माणसाने देवाला दिलेली कबुली असती तर बाळाला तो देणे खरेच निरर्थक ठरले असते. पण तो देवाने माणसाला दिलेला शब्द आहे, आणि घेणारा जितका असहाय तितके ते देणे अधिक स्पष्ट दिसते. वारस पाळण्यात असला म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. मोठेपणी त्याने ते समजून घ्यायचे असते, आणि इथून शिकवणुकीची जबाबदारी सुरू होते.

शिकवण घरातली

१५२८ च्या सुमारास सॅक्सनीतील गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी करताना ल्यूथरला धक्का बसला. खेड्यातल्या लोकांना प्रभूची प्रार्थना, मतांगीकार किंवा दहा आज्ञा यांतले काही येत नव्हते, आणि कित्येक पाळकांचीही तीच गत होती. त्याने १५२९ मध्ये दोन प्रश्नोत्तऱ्या लिहिल्या: मोठी पाळकांसाठी, लहान घरच्यांसाठी. लहान प्रश्नोत्तरीतील मजकूर प्रथम भिंतीवर लावायच्या छापील तक्त्यांच्या रूपात आला, आणि कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना साधेपणाने कसे शिकवावे, अशी सूचना त्यातल्या भागांच्या मथळ्यांतच आहे.

तिची मांडणी सोपी आहे. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार आणि प्रभुभोजन असे विषय. प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न, ‘याचा अर्थ काय?’, आणि पाठ करता येईल एवढे उत्तर. आज्ञांच्या उत्तरांत ल्यूथरने एक युक्ती सातत्याने केली आहे. आज्ञा जे करू नको म्हणते, त्याला जोडून तो काय करावे हे सांगतो. ‘खून करू नको’ याचा अर्थ शेजाऱ्याला इजा करू नये एवढाच नाही, तर त्याच्या प्रत्येक शारीरिक गरजेत त्याला मदत करावी. ‘खोटी साक्ष देऊ नको’ याचा अर्थ, त्याच्यामागे त्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. मराठी प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्याला इथे एक ठेच लागेल: ल्यूथरन मोजणीत खुनाची आज्ञा ५वी आहे, आपल्याकडे ती ६वी म्हणून पाठ केलेली असते. मूर्तींविषयीचा मजकूर ल्यूथरन, कॅथलिकांप्रमाणेच, पहिल्या आज्ञेत धरतात आणि लोभाची शेवटची आज्ञा दोन करून मोजतात.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीचे उत्तर मला सर्वांत आवडते. रोजची भाकर म्हणजे काय, तर अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरे, पैसा, चांगला जोडीदार, चांगले सरकार, चांगले हवामान, शांतता, आरोग्य, भले मित्र, विश्वासू शेजारी. शेतकऱ्याच्या घरी बसून केलेली यादी वाटते. प्रश्नोत्तरीच्या शेवटी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत. सकाळची म्हणून झाल्यावर गाणे म्हणत आनंदाने कामाला लागावे आणि रात्रीची म्हणून झाल्यावर निर्धास्तपणे लगेच झोपावे, असेही त्यात लिहिले आहे.

पुढे या घरगुती शिकवणुकीला राज्यसत्तेचा टेकू मिळाला. स्वीडनच्या १६८६ च्या चर्च कायद्यानुसार पाळक घरोघरच्या माणसांची वाचनाची आणि प्रश्नोत्तरीची परीक्षा घेऊन वहीत नोंद करू लागले. डेन्मार्क-नॉर्वेत १७३६ मध्ये दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यातील विश्वास किशोरवयात स्वतः जाहीर करण्याचा विधी, सक्तीचे झाले आणि मुलांना त्याआधी धडे घेणे भाग पडले. उत्तर युरोपात साक्षरता लवकर पसरली त्यात या घोकंपट्टीचा वाटा मोठा आहे. मात्र कर्तव्य म्हणून पाठ केलेल्या उत्तरांनी किती जणांना धर्म नकोसा केला असेल, हाही विचार मनात येतो. जर्मनीत आजही साधारण १४व्या वर्षी मुले दृढीकरणाच्या वर्गांना जातात. पाठांतर घटले आहे, शिबिरे आणि चर्चा वाढल्या आहेत.

गाणेही शिकवणच

धर्मसुधारणेच्या आधी चर्चमध्ये गाणे हे मुख्यतः धर्मगुरू आणि गायकवृंद यांचे काम होते. ल्यूथरने ते मंडळीच्या तोंडी दिले. १५२४ मध्ये छापलेली पहिली ल्यूथरन गीतपुस्तिका जेमतेम ८ गीतांची होती आणि त्यांतली ४ स्वतः ल्यूथरची. जे लिहिता-वाचता न येणाऱ्याला पुस्तकातून देता येत नाही ते चालीतून देता येते, हे त्याने ओळखले. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये १७२३ पासून संगीताची धुरा वाहणारा संगीतकार बाख उपासनेसाठी ज्या रचना करी, त्या त्या रविवारच्या वाचनाशी बांधलेल्या असत आणि उपदेशाच्या आगेमागे गायल्या जात; संगीत हा दुसरा उपदेशच होता. तमिळ प्रदेशात हीच वाट तंजावरचे कवी वेदनायगम शास्त्री यांनी कर्नाटक संगीताच्या चालींवर ख्रिस्ती गीते रचून रुंद केली. मराठीत हे काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनाच्या अंगाने केले. टिळक ल्यूथरन नव्हते, पण लोकांच्या ओळखीच्या चालीशिवाय धर्म लोकांच्या तोंडी बसत नाही हे त्यांनाही उमगले होते.

कर्माने काही मिळत नसेल तर चांगले का वागायचे?

हा आक्षेप ल्यूथरच्या हयातीतच घेतला गेला आणि तो हलका नाही. ल्यूथरचे उत्तर १५२० च्या लिखाणात आहे: ख्रिस्ती माणूस विश्वासाने सर्वांचा धनी आहे, कोणाचा अंकित नाही, आणि प्रेमाने तो सर्वांचा सेवक आहे, सर्वांचा अंकित आहे. देवाला माझ्या सत्कर्माची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. स्वतःच्या पुण्याचा हिशेब ठेवण्यातून सुटलेला माणूस शेजाऱ्याकडे खरे लक्ष देऊ शकतो. त्यामुळे मठात राहून केलेली साधना आणि बाळाचे लंगोट धुणे यांत देवाच्या दृष्टीने उच्चनीच उरत नाही. लंगोट धुणाऱ्या बापाला लोक हसले तरी देव आणि त्याचे दूत हसत नाहीत, ते संतोषतात, असे ल्यूथरने लिहून ठेवले आहे. व्यवहारात ‘विश्वास आहे ना, मग बस’ असा आळस या शिकवणुकीतून येऊ शकतो, आणि १७व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत उठलेली भक्तिवादी चळवळ त्याच सुस्तीविरुद्ध होती. या मुद्द्यावरचा कॅथलिक आणि ल्यूथरन यांच्यातील मूळ वाद ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे झालेल्या संयुक्त घोषणेने बराच निवळला.

ल्यूथरचे सगळेच मानतात का?

नाही. माझ्या नावाने स्वतःला ओळखू नका, ख्रिस्ती म्हणा, असे त्याने १५२२ मध्ये विनवले होते. मंडळीला बांधून घेतात ती १५८० च्या संग्रहात एकत्र केलेली मतपत्रे. ल्यूथरचे बाकीचे लिखाण नव्हे. हा फरक महत्त्वाचा ठरतो तो १५४३ साली त्याने यहुद्यांविरुद्ध लिहिलेल्या विखारी पुस्तकामुळे, ज्यात सभास्थाने जाळण्याचा सल्ला आहे. नाझींनी ते वापरले. लुंड येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज ७ कोटींहून अधिक सभासद असलेल्या जागतिक ल्यूथरन महासंघाने १९८४ मध्ये, आणि अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये, हे लिखाण जाहीरपणे नाकारले. ज्या नगर-चर्चमधले वेदीचित्र वर वर्णन केले, त्याच्याच बाहेरच्या भिंतीवर यहुद्यांची विटंबना करणारे मध्ययुगीन शिल्प आहे. ते काढावे म्हणून गुदरलेला दावा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जून २०२२ मध्ये फेटाळला, कारण जवळच स्मारक आणि माहितीफलक लावून चर्चने त्यापासून फारकत घेतली आहे, असे न्यायालयाला वाटले. वाद संपलेला नाही.

पाळकपदावर स्त्रिया असाव्यात का, याविषयीही एकवाक्यता नाही. डेन्मार्कमध्ये १९४८ पासून, स्वीडनमध्ये १९६० पासून स्त्रियांना दीक्षा मिळते. अमेरिकेतील मिसूरी सिनड हे ल्यूथरन चर्च मात्र ती आजही देत नाही.

भारतात कुठे, आणि पाहुण्याने काय करावे?

भारतातील पहिली प्रॉटेस्टंट मिशन ल्यूथरनच होती. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ हे दोघे जर्मन ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले. नव्या कराराचे तमिळ भाषांतर तिथे १७१५ मध्ये छापून पूर्ण झाले आणि १७३३ मध्ये आरोन हे पहिले भारतीय पाळक झाले. पुढे गुंटूरला १८४२ पासून अमेरिकन, तर रांचीला १८४५ पासून गॉस्नर मिशनचे जर्मन काम सुरू झाले. महाराष्ट्राला सर्वांत जवळचे मोठे केंद्र नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्यात आहे. तिथली मंडळी स्वीडिश मिशनमधून उभी राहिली.

जर्मनीतल्या त्या रकान्याविषयी एवढेच, की तो चर्च-कराशी जोडलेला आहे. प्रॉटेस्टंट किंवा कॅथलिक चर्चच्या नोंदलेल्या सभासदाकडून सरकार आयकराच्या ८ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये) किंवा ९ टक्के (इतर राज्यांत) रक्कम वसूल करून त्या चर्चला देते. सभासद नसलेल्याला हा कर लागत नाही, आणि उपासनेला जाण्यासाठी सभासदत्व लागत नाही.

उपासनेला कोणीही बसू शकतो. उभे राहण्या-बसण्यात शेजाऱ्याकडे पाहून चालावे, गीतांचे क्रमांक बहुधा भिंतीवरच्या फळीवर लावलेले असतात. प्रभुभोजनाला कोण येऊ शकतो हे मंडळीगणिक बदलते: काही ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आमंत्रण असते, काही ठिकाणी फक्त आपल्या मताच्या सभासदांना. बाप्तिस्मा न झालेल्या पाहुण्याने जागेवरच बसून राहिले तरी त्यात कोणी काही वावगे मानत नाही. पुष्कळ मंडळ्यांमध्ये हात छातीशी दुमडून पुढे गेले की पाळक भाकर न देता नुसता आशीर्वाद देतो.